मुलतवी

पत्राला उत्तर आणि फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा, ही दोन कामं अनंतराव कधी मागं ठेवत नसत. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी उभी हयात काढली, आणि ज्यांनी उगाच चौकशीपुरतं एखादं कार्ड टाकलं त्यांनाही चार ओळी पाठवल्या. उत्तर गेलं नाही ते एकाच पत्राला. ते बन्सीचं होतं. आणीबाणी उठली त्या वर्षी मुंबईहून आलेलं, निळ्या आंतर्देशीय कागदावरचं.

त्यातला मजकूर त्यांना पाठ होता. पाठ करायला बसले नव्हते. विसरता आला नाही इतकंच.

"अंत्या, यंदा आपलं एक काम झालंय. आजवर कॅमेऱ्यानं माझी पाठच पाह्यली. ह्या पिक्चरमध्ये तोंड आलंय. शेवटची मारामारी गोदामात आहे. हिरो मला वरच्या माळ्यावरून खाली फेकतो. पडताना मी एक शब्द बोललोय. आवाज माझा राहणार नाय, तो मागून दुसराच कोणी भरतो, नुसतं आऽऽ करून. पण ओठ माझे हायेत. तू जन्माचा वाचणारा माणूस. तेवढं वाच, अन् मी काय बोललो ते लिहून कळव. वाट बघतो."

बन्सी दौलताबादचा. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याच्या वडिलांची सीताफळाची बाग होती आणि बागेला लागून अनंतरावांचं घर. अनंतरावांचे वडील व्यंकटराव शहरातल्या अदालतीत पेशकार होते. रोज सकाळच्या गाडीनं जात, संध्याकाळच्या गाडीनं परत येत. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण व्यंकटरावांच्या तोंडची पेशी, फैसला, मुलतवी काही गेली नाही. जेवताना आईनं भाजी पुन्हा वाढायला घेतली की ते पानावर हात आडवा धरून म्हणत, "मुलतवी!"

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षी लहानग्या अंतूनं स्टेशनच्या रस्त्यावर काहीतरी पाहिलं होतं. काय ते त्यानं पुढं बायकोलाही धड सांगितलं नाही. माणसाच्या अंगावर काठी पडते तेव्हा होणारा आवाज तेवढा कानात राहिला. त्यानंतर पोरं आपसात भिडली की तो डोळे मिटून भिंतीला चिकटून उभा राही. पोरांना तेवढंच हवं असायचं. मग त्याचीच पाळी यायची.

त्याला खेळात ओढलं ते बन्सीनं. "तुला वाटंल तव्हा थांबायचं," बन्सी म्हणाला, "पर थांबायला एक शब्द पायजे. तुझा बाप कोर्टात हाय ना? तिथं काय म्हणत्यात?"

"मुलतवी."

"अन् मंग?"

"मग साहेब तारीख देतात."

झालं. नियम ठरला. खाली पडलेल्यानं "मुलतवी" म्हणायचं. वर असलेल्यानं तिथल्या तिथं हात थांबवायचा, "तारीख?" असं विचारायचं आणि तोच हात पुढं करून पडलेल्याला उठवायचं. पडलेल्यानं उठता उठता म्हणायचं, "उद्या!" सगळी गल्ली हा नियम पाळायला लागली, कारण बन्सीच्या पुढं कोणाची टाप नव्हती.

अंतू दिवसाकाठी दहादा मुलतवी म्हणे. कधी एक फटका बसायच्या आतच म्हणे. बन्सी कधी चिडला नाही की हसला नाही. "तारीख?" म्हणून हात पुढं करी. तो स्वतः मात्र कधी मुलतवी म्हणाला नाही. चौघं अंगावर असले तरी नाही. कोटाच्या पडक्या भिंतीवरून खालच्या कडब्याच्या गंजीत उडी मारायला सगळ्यांत पुढं तोच. उडी मारताना एक हात डोक्यावरच्या टोपीवर दाबून धरी. टोपी हरवली तर आई सोलून काढायची, म्हणून.

अठराव्या वर्षी तो मुंबईला पळाला आणि पुढं फाइटर झाला. फाइटर म्हणजे मार देणारा असं अनंतरावांना बरेच दिवस वाटत होतं. तो मार खाणारा असतो, हे त्यांना बायकोकडून कळलं.

दमयंतीबाई जालन्याच्या. त्यांच्या काकांचं फिरतं तंबू-टॉकीज होतं, त्यामुळं त्यांचं निम्मं बालपण पडद्यासमोर गेलेलं. मारधाडीचा पिक्चर लागला की त्यांच्या अंगात वारं शिरे. अनंतराव सोबत जात, आणि मारामारी सुरू झाली की चहाच्या निमित्तानं बाहेर येऊन उभे राहत. आत लोक शिट्ट्या मारायचे, बाहेर हे बशीतला चहा फुंकत बसायचे.

"अहो, त्यात भ्यायचं काय?" दमयंतीबाई म्हणायच्या. "सगळं ठरलेलं असतं. गुंड वीस असले तरी येणार एकेक करून, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे. बाकीचे मागं नुसते नाचत असतात. पहिला ठोसा गुंडाचा. मग हिरो ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त अंगठ्यानं पुसतो, अंगठ्याकडं बघतो, आणि मग बघा. काच दिसली की त्यातून एकजण जाणारच. भाजीची गाडी दिसली की ती उलटणारच. आणि सगळं आटोपलं की पोलिसांची जीप."

"मग बघायचं कशाला, सगळं ठाऊक असताना?"

"ठाऊक आहे म्हणून तर बघवतं! खरं असतं तर मीपण तुमच्यासारखी चहा प्यायला आले असते."

फाइटर लोकांनाही त्या चेहऱ्यांनी ओळखत. अर्ध्या मिनिटापूर्वी मेलेला माणूस शर्ट बदलून पुन्हा मार खायला येतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरी येताना रिक्षात सांगायच्या, "आज तो टोपीवाला तीनदा मेला." अनंतराव हं म्हणायचे. टोपीवाला कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. डोक्यात एखादं अर्धं वाचलेलं पुस्तक चालू असायचं.

बन्सीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ठरवलं, ह्या वेळी उठायचं नाही. पिक्चर इथं लागला त्याच आठवड्यात दोन तिकिटं काढली. दमयंतीबाईंना फक्त म्हणाले, "गावाकडचा एक मित्र आहे ह्यात." मध्यंतर झालं, गाणं झालं, हिरोची बहीण पळवून झाली. मग गोदाम आलं. दोरखंड, पिंपं, वरचा लाकडी माळा. अनंतरावांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पहिला ठोसा बसला. पडद्यावरचा तो आवाज खऱ्यासारखा मुळीच नव्हता, कोणी ओली चादर दगडावर आपटावी तसा होता. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पण डोळ्यांना ते कळलं नाही. डोळे मिटले ते मिटलेच. उघडले तेव्हा पोलिसांची जीप आली होती.

"वरून कोणी पडलं का गं?"

"कोणी? अहो, पाचसहा तरी पडले. तुमचा कुठला?"

ते त्यांना सांगता आलं नाही. उद्या एकट्यानं पुन्हा यायचं, असं मनाशी म्हणाले. उद्या ग्रंथालयात मोजणी निघाली. परवा जायला निघाले, टॉकीजच्या फाटकापर्यंत गेले, आणि समोरच्या दुकानात वह्यांचे भाव विचारून परत आले. शुक्रवारी पिक्चर बदलला.

मग उत्तराचे कागद सुरू झाले. "पिक्चर पाहिला, फार छान वाटलं," असं लिहिलं. पण पत्रात विचारलं होतं ते हे नव्हतं. विचारलं होतं, मी काय बोललो. खोटं लिहावं तर एका शब्दात पकडले जाणार. खरं लिहावं, की तू पहिल्यांदा तोंड दाखवलंस आणि मी डोळे मिटले, तर ते लिहायला हात धजेना. सहा महिन्यांनी पत्र लिहायचं तर आधी उशीर का झाला ते लिहायला हवं. वर्षानं ते आणखी कठीण झालं. पुढं पुढं बन्सीची आठवण आली की पत्राची येई, आणि पत्राची आली की ते उठून कपाटातली पुस्तकं उगाच खालीवर लावायला लागत.

अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. निवृत्ती झाली, मुलगी पुण्याला गेली, शहराच्या चारी अंगांनी वसाहती वाढल्या. दौलताबाद तासाभराच्या आत होतं, पण अनंतराव कधी गेले नाहीत. आईवडील गेल्यावर घर विकलं होतं, ते कारण पुरत होतं.

दमयंतीबाई आता टॉकीजला जात नसत. गुडघे धरले होते. दुपारी जेवणं झाली की टीव्हीवर जुने पिक्चर लावत आणि पलंगावर पाय लांब करून बसत. अनंतराव शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन असत. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, हा बघितला होता आपण. तुमचा कोणी मित्र होता ह्यात."

अनंतरावांनी पेपर खाली केला. नाव वाचलं. त्या नावाचे पुढं आणखी दोन पिक्चर निघाले होते, पण हा तोच होता.

"बंद करू का? पुढं मारामारी आहे."

"नको," ते म्हणाले. "असू दे."

गोदाम आलं. टीव्हीच्या चौकटीत ते फारच लहान दिसत होतं. पहिल्या ठोशाला त्यांचे डोळे मिटलेच. तेवढ्यात दमयंतीबाई पलंगावरून ओरडल्या, "आला बघा! आमचा टोपीवाला!"

ते डोळे मिटूनच म्हणाले, "कोण टोपीवाला?"

"अहो, किती वर्षं सांगतेय! टोपी नसते त्याच्या डोक्यावर, पण पडताना हात मात्र टोपी धरल्यासारखा वर जातो. बघा, बघा, आता पडेल..."

अनंतरावांनी डोळे उघडले.

माळ्याचा कठडा मोडला. एक माणूस मागं कलंडला. त्याचा उजवा हात डोक्यावर गेला आणि नसलेली टोपी त्यानं दाबून धरली. निमिषभर चेहरा पडदाभर झाला. मिशा भलत्याच होत्या, पण त्याखालचा माणूस कोटाच्या भिंतीवरचा होता. ओठ मिटले, उघडले, काहीतरी बोलले. त्यावर कोणा तिसऱ्याच माणसाचा "आऽऽ" ऐकू आला. मग पिंपांचा ढीग, आणि हिरो पुढच्याकडं वळला.

"काय म्हणाला तो?" अनंतराव खुर्चीतून पुढं सरकले.

"मेलो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?"

ओठ मिटून सुरुवात झाली होती एवढं त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे म. मेलोही असू शकेल. आपल्याला हवं ते आपण वाचतोय, असं त्यांना वाटायला लागलं. जन्मभर वाचलेल्या कुठल्या ओळीची त्यांना खात्री होती, की ह्या ओठांची असावी! आणि टीव्हीवरचा पिक्चर पुस्तकासारखा पान मागं उलटून बघता येत नाही.

दमयंतीबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी परत दाखवतात हे लोक. शिळं गरम करून."

सकाळी दोघंही चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. अनंतराव म्हणाले, "मी काही सांगत नाही. तू फक्त त्याचे ओठ बघ आणि तसे करून दाखव."

कठडा मोडला. हात डोक्यावर गेला. अनंतरावांनी ह्या वेळी पापणी हलवली नाही. दमयंतीबाईंनी कप खाली ठेवला आणि स्वतःशीच ओठ हलवून पाहिले. "मेलो नाही हो हे. लांब आहे. मु... ल... मुलगी? नाही, शेवटी दात ओठाला लागतात. मुल-काहीतरी-वी." त्यांनी पुन्हा करून पाहिलं आणि थांबल्या. "मुलतवी? अहो, मरताना असं कोण बोलतं?"

अनंतराव उठून आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि पायात चपला घालायला लागले.

"कुठं?"

"दौलताबादला."

किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. अनंतराव एसटीतून उतरले आणि पाट्यांच्या कडेनं चालत राहिले. बन्सीची धाकटी बहीण भागूबाई इथंच कुठंतरी बसत असल्याचं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. पण ती त्यांना दिसायच्या आधी तेच तिला दिसले.

"अंतूदादा नव्हं का तुम्ही?"

"ओळखलंस, भागू?"

"न वळखायला काय झालं? इतकी पुस्तकं खाल्ली तरी वाळलेच ऱ्हायले. बसा. त्या पोत्यावर बसा."

ते बसले. एक सीताफळ तिनं न विचारता फोडून हातात दिलं. ते हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "बन्सी...?" पुढचं विचारायचं धाडस होईना.

"हाय की! मरंल कसा? पिक्चरमधी शंभरदा मेलाय, यमाला बी कंटाळा आला आसंल. लेकीकडं ऱ्हातो, विरारला. कान गेले दोन्ही. ते बॉम्ब फोडायचे ना याच्या बाजूला! आता फोन केला तर आपणच वरडायचं अन् आपणच आयकायचं." ती हसली. मग पाटीतली फळं सारखी करत म्हणाली, "तुमच्यावर लई राग व्हता माझा. आता म्हातारपणी काय राग धरायचा, म्हणून बसा म्हणलं."

"का गं?"

"त्या साली परत येणार व्हता तो. वरून पाडला त्याला कुठल्या पिक्चरात, तव्हा कंबर धरली. मला म्हणला, भागे, बास झालं, आता नाय व्हत. म्या म्हणलं, मंग ये की. घर हाय, बाग हाय, येऊन पड. तर म्हणला, नाय, आधी अंत्याचं पत्र येऊ दे. त्यानं तारीख इचारली तर बोचकं बांधतो." तिनं वर पाहिलं. "कसली तारीख, ते तुम्हालाच ठावं. तुमच्या कॉलेजात शिपाईबिपाई लावून घ्याल, असं असंल त्याच्या मनात. तोंडानं मागायचा नाय तो, ते ठावं हाय तुम्हाला."

अनंतरावांना ठाऊक होतं.

"वरीसभर वाट पाह्यली त्यानं. मंग म्हणला, त्यानं वाचलं आसंल, पर हात द्यायचा नसंल त्याला. मोठ्या लोकात गेला. परत तुमचं नाव काढलं नाय. कंबर बांधून पडतच ऱ्हायला तिकडं, धा-पंधरा वर्षं."

रस्त्यावरून सहलीच्या पोरांची बस किल्ल्याकडं गेली. तिचा धुरळा बसू नये म्हणून अनंतरावांनी हातातल्या फळावर दुसरा हात आडवा धरला. मग म्हणाले, "भागू, मी वाचलंच नाही. मी पिक्चरला गेलो होतो, पण डोळे मिटले होते."

"झोपले व्हते?"

"नाही. भीती वाटली. मारामारीची."

भागूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "पिक्चरातल्या?"

"हो."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. शेजारच्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिचं हसू संपलं. "अन् आमचा यडा तिकडं काय काय समजून बसला," ती म्हणाली.

तांब्या शेजारणीला परत देत म्हणाली, "लिव्हा त्याला. डोळे मिटले व्हते म्हणूनच लिव्हा. आयकू येत नाय, पर वाचतो अजून. चष्मा लावून वाचतो."

दर हंगामात ती त्याला सीताफळाची पेटी पाठवायची, त्यामुळं पत्ता तिला तोंडपाठ होता. अनंतरावांनी तो एसटीच्या तिकिटाच्या मागं लिहून घेतला.

त्या आठवड्यात त्यांनी बरेच कागद घालवले. पहिल्या पत्रात लहानपण आलं, स्टेशनचा रस्ता आला, आणि ते वाचल्यावर त्यांना वाटलं, आपण पुन्हा स्वतःसाठीच मुलतवी मागतोय. दुसऱ्यात क्षमा फार वेळा आली. तिसरं दमयंतीबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण त्यानं एका शब्दाचं विचारलं होतं ना?"

शेवटी एक आंतर्देशीय पत्र आणलं. निळंच मिळालं. त्यावर लिहिलं :

"बन्सी, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, म्हणून वाचायचं राहिलं. परवा टीव्हीवर वाचलं. मुलतवी म्हणालास.

तारीख?

– अंत्या."

खाली जागा उरली होती. दमयंतीबाईंनी पेन मागून घेतलं आणि कडेला आडवं लिहिलं, "भावजी, मी तुम्हाला सगळ्या पिक्चरमध्ये पाहिलंय."

अनंतरावांनी कडा चिकटवल्या आणि पत्ता पुन्हा एकदा तिकिटाशी ताडून पाहिला. बन्सीची कंबर आता विरारहून इकडं येण्याजोगी राहिली असेल का, ह्याची त्यांना शंका होती. यायचं नसेल तर आपण जाऊ, असंही वाटलं, आणि लगेच, आपल्याला कोणी बोलावलंय, असंही वाटलं. चौकातल्या पोस्टाच्या पेटीपाशी ते नेहमीसारखे घुटमळले. समोरच्या दुकानात वह्या टांगलेल्या होत्या. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. हात पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत घातला आणि पत्र सोडलं. पेटी बहुतेक रिकामी असावी. तळाशी कागद टेकल्याचा आवाज आला.

पुढं केलेला हात मात्र त्यांनी काही वेळ तसाच आत ठेवला.